हातचें आणि पळतें

अमेरिकेंतल्या ओहायो राज्यांत राहणारे एक शाळामास्तर नोव्हेंबरमधल्या एका शनिवारीं रात्रीं स्वयंपाकघरांतल्या मेजाशीं कागद-पेन्सिल घेऊन बसले आहेत, अशी श्रोत्यांनीं घटकाभर कल्पना करावी. घरांतलीं माणसें निजलीं आहेत. कागदाच्या मधोमध मास्तरांनीं एक उभी रेघ ओढली आहे. रेघेच्या डाव्या अंगास एकच नांव आहे. उजव्या अंगास दुसरें एक नांव आणि त्याच्याखालीं 'पुढच्या वर्षाची पहिली निवड' एवढे चार शब्द आहेत. रात्रीं बाराच्या ठोक्यापूर्वीं 'हो' किंवा 'नाहीं' यांपैकीं एक उत्तर मास्तरांना आपल्या एका जुन्या मित्रास कळवावयाचें आहे. हा सौदा घराचा नाहीं, जमिनीचा नाहीं, गुराढोरांचाही नाहीं. ज्या माणसाचें नांव डावीकडे लिहिलें आहे त्याला मास्तरांनीं जन्मांत कधीं जवळून पाहिलेलें नाहीं, आणि त्या बिचाऱ्याला तर मास्तरांचें अस्तित्वही ठाऊक नाहीं. तरी गेल्या तीन रात्रीं मास्तरांना स्वस्थ झोंप लागलेली नाहीं.

हे मास्तर कल्पित खरे. पण त्यांच्यासारखे लक्षावधि गृहस्थ अमेरिकेंत आहेत. त्यांच्या या छंदाला तिकडे 'फॅन्टसी फुटबॉल' म्हणतात. आणि मास्तर ज्या प्रकारांत गुंतले आहेत त्याला 'डायनॅस्टी', म्हणजे राजघराणें, असें भारदस्त नांव आहे. येथें फुटबॉल म्हणजे कूपरेजच्या मैदानावर मुंबईकर पाहतात तो खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्यें चेंडू लंबगोल असतो, आणि तो पायांपेक्षां हातांतच अधिक असतो. अकरा गड्यांची फळी समोरच्या अकरांच्या फळीवर तुटून पडते आणि शंभर यार्डांचें मैदान वीत-वीत करून जिंकावें लागतें. चेंडू फेंकणारा सेनापति तो क्वार्टरबॅक. दूर धांवत जाऊन तो झेलणारा तो रिसीव्हर. आणि चेंडू बगलेंत मारून शत्रूच्या फळींत डोकें घालून घुसणारा तो रनिंग बॅक. या तिसऱ्या गड्याला एकेका सामन्यांत वीस-वीस वेळां सव्वाशें-दीडशें किलो वजनाच्या माणसांच्या ढिगाखालून उठावें लागतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. सगळ्या कथेचें मूळ तीच आहे.

छंदाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९६२ सालीं ओकलंड रेडर्स हा कॅलिफोर्नियांतला संघ चौदा सामन्यांपैकीं तेरा हरला. अशा संघाबरोबर गांवोगांव हिंडणाऱ्यांना कांहीं तरी विरंगुळा हवाच. संघाचे एक लहानसे भागीदार बिल विंकेनबाक आणि त्यांच्यासमवेत प्रवासांत असलेली मंडळी यांनीं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत बसून या खेळाचे नियम बांधले. पुढल्या वर्षीं आठ मालकांनीं एकत्र जमून पाळीपाळीनें खरे खेळाडू आपापल्या कल्पित संघांत वांटून घेतले. पहिल्या निवडीचा मान जॉर्ज ब्लांडा या क्वार्टरबॅकला मिळाला. खरा खेळाडू मैदानावर जें करील त्याचे गुण त्याच्या कल्पित मालकाच्या खात्यावर जमा व्हावयाचे, एवढेंच यांतलें तत्त्व. आजचे दर बहुतेक ठिकाणीं ठरलेले आहेत: दहा यार्ड धांवल्यास एक गुण, चेंडू सीमेपार नेल्यास सहा. ज्यांचा खरा संघ हरतच होता त्यांनींच घरबसल्या जिंकण्याचा खेळ शोधून काढावा, यांत नवल तें कसलें?

सामान्य प्रकारांत हा डाव एका हंगामापुरता असतो. हंगाम संपला कीं पाटी पुसली जाते. डायनॅस्टींत तसें नाहीं. तेथें एकदां पदरांत घेतलेला खेळाडू विकेपर्यंत, सोडून देईपर्यंत किंवा तो स्वतःच खेळांतून निवृत्त होईपर्यंत त्याच मालकाकडे राहतो. दरवर्षीं नव्यानें वांटणी होते ती केवळ त्या वर्षीं कॉलेजांतून धंदेवाईक खेळांत उतरलेल्या कोंवळ्या पोरांची; आणि त्या वांटणींत बहुधा गेल्या वर्षीं तळाला राहिलेल्याचा हात पहिला आणि विजेत्याचा हात शेवटचा. मुंबईंत २००८ सालीं निघालेल्या ड्रीम ११ मुळें पुष्कळ घरांत ठाऊक झालेला कल्पित क्रिकेटचा डाव एका सामन्यापुरता, म्हणजे एका संध्याकाळपुरता असे. आणि पैसे लावून खेळण्याचा तो प्रकार २०२५ च्या ऑगस्टमधील कायद्यानें देशांत बंदही झाला. मास्तरांचा डाव याच्या अगदीं उलट. एका वसतिगृहांत राहिलेले बारा मित्र बारा गांवीं पांगले, आणि एकमेकांशीं बोलावयाला निमित्त हवें म्हणून त्यांनीं हा डाव मांडला. वर्गणी वर्षाकांठीं एका साध्या जेवणाच्या खर्चाइतकी. डाव मांडल्याला बारा वर्षें झालीं; तेवढ्या काळांत दोघांचे घटस्फोट झाले, एकाचे वडील वारले, पण पाटी कांहीं पुसली गेलेली नाहीं.

पाटी न पुसण्याचा परिणाम फार दूरवर पोंचतो. एका हंगामाच्या डावांत खेळाडूची किंमत म्हणजे तो या वर्षीं किती गुण करील एवढीच असते. डायनॅस्टींत त्याचें उरलेलें सारें आयुष्य विकावयाला निघतें. शिवाय पुढच्या वर्षीं होणाऱ्या वांटणींतला आपला हातही आज विकतां येतो. ज्या मुलाचें नांव कोणाला ठाऊक नाहीं, जो कदाचित् अजून कॉलेजच्या मैदानावर राखीव म्हणून बांकावर बसला असेल, त्याच्यावरचा हक्क आज रोख मोजून देतां-घेतां येतो. जुन्या पेढ्यांवरची हुंडीच ही. आणि हुंडीप्रमाणेंच, ती कोणीं लिहून दिली आहे याला फार महत्त्व असतें.

मास्तरांकडे आहे सत्तावीस वर्षांचा एक रनिंग बॅक. गेलीं पांच-सहा वर्षें त्यांच्या संघाचा सारा भार त्याच्याच खांद्यावर आहे. मित्राचा संघ यंदां सर्वांच्या पुढें आहे. त्याला विजेतेपद जवळ दिसत आहे आणि एवढ्या एका जागीं तो लंगडा आहे. म्हणून त्यानें या गड्याच्या बदल्यांत बावीस वर्षांचा एक होतकरू रिसीव्हर आणि आपली पुढच्या वर्षाची पहिली निवड देऊं केली आहे. मास्तरांचा संघ आठव्या क्रमांकावर आहे. अकरा सामन्यांत पांच विजय, सहा पराभव. पहिल्या सहांना अंतिम फेऱ्यांत प्रवेश मिळतो. म्हणजे मास्तर धड वर नाहींत, धड खालीं नाहींत. आणि मनुष्याला फसविण्यास यापरती सोयीची जागा नाहीं.

पहिला हिशेब वयाचा. फेंकणारे दीर्घायुषी असतात. टॉम ब्रॅडी यांनीं २०२१ च्या फेब्रुवारींत, वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षीं, आपल्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलें. झेलणारे सामान्यतः तिशीपर्यंत टिकतात. घुसणाऱ्यांचें मात्र तसें नाहीं. टॉड गर्ली या गड्यानें २०१७ सालीं धांवून व झेलून मिळून २०९३ यार्ड काढले आणि चेंडू एकोणीस वेळां सीमेपार नेला. त्या वर्षीं आक्रमणांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. पुढल्या उन्हाळ्यांत त्याला ५ कोटि ७५ लाख डॉलरांचा करार मिळाला. २०२० च्या मार्चमध्यें, पंचविसाव्या वर्षीं, त्याच संघानें त्याला मोकळें केलें, आणि त्या सालानंतर तो मैदानावर दिसलाच नाहीं. गुडघा पैशाचें ऐकत नाहीं. ज्या कल्पित मालकांनीं त्याला २०१८ च्या उन्हाळ्यांत विकला नाहीं त्यांनीं पुढें किती हात चोळले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

पण वयाचा आडाखा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. डेरिक हेन्री यानें २०२४ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, नव्या संघांत येऊन १९२१ यार्ड काढले. क्रिस्चन मॅकॅफ्री याला २०२२ च्या ऑक्टोबरांत सॅन फ्रान्सिस्कोनें चार निवडी देऊन घेतला, तेव्हां तो सव्वीस वर्षांचा होता आणि वारंवार दुखावणारा म्हणून त्याची ख्याति होती. २०२३ सालीं धांवण्यांत सर्वांच्या पुढें तोच राहिला, २०२४ सालीं दुखापतीनें चारच सामने खेळला, आणि २०२५ सालीं पुन्हा उभा राहिला. एकाच माणसाला विकणारा शहाणा ठरतो कीं ठेवणारा, हें कोणत्या महिन्यांत विचारतां यावर अवलंबून असतें. मास्तरांना ही सारीं नांवें तोंडपाठ आहेत. त्यामुळें त्यांची अडचण कमी न होतां वाढलीच आहे. ठेवावा म्हटलें तर हेन्री आठवतो, विकावा म्हटलें तर गर्ली.

दुसरा हिशेब हुंडीचा. 'पहिली निवड' हे शब्द कानाला गोड लागतात. पण देणारा जर विजेता होणार असेल तर त्याचा हात बारांमध्यें बारावा. आणि मास्तरांनीं हा गडी त्याला दिला म्हणजे तो विजेता होण्याचा संभव आणखी वाढला! सौदा करतांच मालाचा भाव आपल्याच हातानें थोडा उतरतो, असा हा विचित्र बाजार आहे. त्यांतून ही निवड म्हणजे बंद पेटी. खऱ्या संघांचे पगारी पारखी वर्षभर गांवोगांव हिंडून पोरें पाहतात, तरी त्यांची काय गत होते? सॅन फ्रान्सिस्कोनें २०२१ सालीं बाराव्या जागेवरून तिसऱ्या जागेवर येण्यासाठीं पहिल्या फेरीच्या तीन निवडी खर्चून ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला. दोनच वर्षांनीं तो चौथ्या फेरीच्या एका निवडीला दुसऱ्याकडे गेला. दरम्यान २०२२ सालीं त्याच संघानें साऱ्या यादींतला अगदीं शेवटचा, दोनशें बासष्टावा मुलगा घेतला होता. त्या ब्रॉक पर्डीनें संघाला अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत नेलें. पेटींत रत्न निघतें, गारगोटीही निघते. पेटी बंद असेपर्यंत मात्र ती रत्नाच्याच भावानें विकली जाते, कारण पळत्या वस्तूंत दोष दिसत नाहींत. मास्तरांच्या रनिंग बॅकचा डावा घोटा कसा आहे हें सर्वांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षींच्या मुलाला अजून घोटाच नाहीं.

येथें हिशेब संपला असता, तर कोणीही गणिती तो सोडवून देता. पण खरी मेख निराळीच आहे, आणि ती समजण्यास १९८९ सालच्या एका खऱ्या सौद्याकडे वळावें लागतें. अमेरिकेंत खेळाडूंच्या अदलाबदलीचा विषय निघाला आणि त्या सौद्याचें नांव निघालें नाहीं, असें सहसा होत नाहीं.

त्या वर्षाच्या फेब्रुवारींत डॅलस काउबॉइज हा नामांकित पण खालावलेला संघ जेरी जोन्स यांनीं विकत घेतला आणि जिमी जॉन्सन यांना प्रशिक्षक नेमलें. संघाचे हाल कुत्रा खाईना. पहिले पांचही सामने हरले. त्या भग्न वाड्यांत एकच चिरा शाबूत होता. तो म्हणजे हर्शेल वॉकर हा रनिंग बॅक. त्यानें आदल्या वर्षीं १५१४ यार्ड काढले होते, आणि वय होतें सत्तावीस. एवढा एकच गडी विकण्याजोगा आहे हें ओळखून जॉन्सन यांनीं त्यालाच बाजारांत उभें केलें. गांवच्या रसिकांना हें ऐकून वेड लागावयाची पाळी आली. दिवाळें निघालेल्यानें देव्हाऱ्यांतली मूर्ति मोडींत घालावी, तसें त्यांना वाटलें.

उत्तरेकडील मिनेसोटा व्हायकिंग्ज हा संघ दोन वर्षांपूर्वीं अजिंक्यपदाच्या सामन्यापासून एका पायरीवर अडखळून पडला होता. व्यवस्थापक माइक लिन यांची पक्की खात्री झाली कीं उणीव आहे ती एका माणसाचीच. १२ ऑक्टोबर १९८९ रोजीं सौदा पुरा झाला. वॉकर मिनेसोटास गेला. उलट डॅलसला पांच खेळाडू मिळाले, १९९२ ची पहिल्या फेरीची निवड मिळाली, आणि त्या खेळाडूंच्या पदराला गांठी मारून ठेवल्याप्रमाणें आणखी निवडी होत्या. अट अशी कीं ठरल्या तारखेच्या आंत डॅलसनें एखाद्या खेळाडूला सोडून दिलें तर त्याच्याशीं बांधलेली निवड डॅलसची. मिनेसोटाकडील समजूत अशी कीं इतक्या दरिद्री संघाला खेळाडूंचीच भूक असणार. निवडींचें पुढें पाहूं. जॉन्सन यांना भूक होती ती गांठींची. पांचांपैकीं एकानें तर डॅलसला जाण्याचेंच नाकारलें व त्याची बोळवण तिसऱ्याच संघाकडे झाली. अखेर पुन्हा बोलणीं होऊन कांहीं खेळाडूही डॅलसकडे राहिले आणि निवडीही राहिल्या. तीन वर्षांच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या निवडी, वर आणखी किरकोळ.

पण त्या आठवड्यांत हंसें झालें तें लिन यांचें नव्हे. वॉकर नव्या गांवीं पहिल्याच सामन्यांत १४८ यार्ड धांवला आणि सारें मैदान डोक्यावर घेतलें गेलें. डॅलस त्या वर्षीं सोळांपैकीं एकच सामना जिंकलें. त्या डिसेंबरांत मत घेतलें असतें तर शहाणा कोण ठरला असता? भविष्यासाठीं आज हरणें हें कागदावर सुबक दिसतें. दर रविवारीं गांवाच्या शिव्या खात तें पार पाडणें निराळें.

पुढची कथा प्रसिद्धच आहे. मिनेसोटा आपल्या गटांत पहिलें आलें, आणि १९९० च्या जानेवारींत सॅन फ्रान्सिस्कोनें त्यांचा ४१ विरुद्ध १३ असा धुव्वा उडविला. वॉकरनें तेथें अडीच हंगाम काढले. एकाही हंगामांत त्याचे हजार यार्ड भरले नाहींत. डॅलसनें मिळालेल्या निवडींतली एक पुढें करून १९९० सालीं सतराव्या जागेवर एमिट स्मिथ नांवाचा मुलगा घेतला. त्यानें कारकीर्दींत १८३५५ यार्ड काढले. तो उच्चांक आजतागाईत कोणीं मोडलेला नाहीं. दुसऱ्या निवडीनें १९९२ सालीं डॅरन वुडसन हा बचावाचा खांब आला. १९९२, १९९३ आणि १९९५ या तीन हंगामांचीं अजिंक्यपदें डॅलसनें जिंकलीं.

या कथेचें तात्पर्य अमेरिकेंत बहुधा असें सांगतात कीं म्हातारा होऊं लागलेला गडी द्यावा आणि निवडी घ्याव्या. तें वरवरचें आहे. वॉकर संपलेला नव्हता. मिनेसोटाहून फिलाडेल्फियास गेल्यावर १९९२ सालीं त्यानें १०७० यार्ड काढलेच. मिनेसोटाच्या खेळाची घडी त्याच्या धांवण्याला जुळली नाहीं, हें एक. आणि एमिट स्मिथ हा कांहीं कोणाच्या कोष्टकांत नव्हता. सोळा निवडी झाल्या तरी तो शिल्लक होता. लिन यांची चूक वॉकरला ओळखण्यांत झाली त्याहून अधिक स्वतःच्या संघाला ओळखण्यांत झाली. एका माणसानें भरून निघेल अशी ती पोकळी नव्हती. उलट जॉन्सन यांना आपण कोठें उभे आहों हें स्वच्छ दिसत होतें, कारण शून्य विजय आणि पांच पराभव यांत आत्मवंचनेला जागाच उरत नाहीं. वॉकर डॅलसच्या हातांत असतांना त्याची किंमत शून्य होती. पांच हरावयाचे ते चारच हरले असते, इतकेंच. खरोखर एका पावलावर असलेल्या संघाच्या हातीं तोच गडी अनमोल ठरला असता. म्हणजे तराजूंत खेळाडू घालून भागत नाहीं. त्याच्यासोबत घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा काळही घालावा लागतो. आणि म्हणूनच एकाच सौद्यांत दोघांचेंही कल्याण होऊं शकतें, मात्र दोघांनींही आपापला काळ खरा सांगितला पाहिजे.

या सौद्यानंतर डॅलसकडे इतक्या निवडी सांचल्या कीं त्यांची मोजदाद करणें भाग पडलें. जोन्स यांचे तेलधंद्यांतले सहकारी माइक मॅकॉय यांनीं १९९१ च्या सुमारास मागील सौद्यांवरून एक कोष्टक तयार केलें. पहिल्या निवडीला ३००० गुण, दुसरीला २६००, सोळावीला १०००, अशी ती उतरंड होती. पुढें तें कोष्टक साऱ्या संघांच्या हातीं गेलें, आणि आज कल्पित संघांसाठींही तसलीं कोष्टकें कोणालाही आपल्या फोनवर पाहतां येतात. मास्तरांनींही पाहिलीं. उजवी बाजू किंचित् जड भरली. पण कोष्टक सांगतें तो बाजारभाव. लोक काय देतात एवढेंच त्यांतून कळतें. काय द्यावयास हवें होतें, याविषयीं तें मुकें असतें. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघा पंडितांनीं खऱ्या संघांच्या निवडींचा अभ्यास करून २०१३ सालीं दाखविलें कीं अगदीं वरच्या निवडींना संघ त्यांच्या योग्यतेहून फार अधिक किंमत देतात. त्यांच्या हिशेबांत पोरांचे पगारही धरले होते. कल्पित मालकाला पगार द्यावा लागत नाहीं, म्हणून तो निष्कर्ष मास्तरांना जसाच्या तसा उचलतां येणार नाहीं. तरी बंद पेटीचा मोह पगारी पंडितांनाही सुटत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

याच थेलर यांचा आणखी एक प्रयोग मास्तरांच्या प्रकृतीला अधिक लागू आहे. कानेमन व नेश यांच्याबरोबर त्यांनीं तो १९९० सालीं प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांना साधे चहा-कॉफीचे पेले भेट दिले आणि काय घेऊन विकाल म्हणून विचारलें. बाकीच्यांना काय देऊन घ्याल म्हणून विचारलें. विकणाऱ्यांची मागणी घेणाऱ्यांच्या देकारीच्या दुपटीहून अधिक निघाली. पेला हातीं येऊन घटकाही झाली नव्हती! मास्तरांच्या हातीं तर हा गडी सहा वर्षें आहे. ज्या उन्हाळ्यांत त्यांची धाकटी मुलगी जन्मली त्याच उन्हाळ्यांत, प्रसूतिगृहाच्या ओट्यावर बसून, त्यांनीं त्याचें नांव पुकारलें होतें. मुलीला वाचतां येऊं लागण्यापूर्वीं त्याचा अंक ओळखतां येऊं लागला. त्याच अंकाचा सदरा घालून ती दर रविवारीं बापाच्या मांडीवर बसते. हें कोणत्या कोष्टकांत घालावें?

मित्राचीही बाजू आहे. बारा वर्षें चाललेल्या डावांत एकाला एकदां लुबाडणें सोपें असतें. पण लुबाडलेला मालक दुसऱ्या वर्षीं रस गमावतो, तिसऱ्या वर्षीं निरोपांना उत्तर देईनासा होतो, आणि त्याचा संघ निर्नायक होऊन पडतो. अशा संघांना तिकडे 'अनाथ' म्हणतात, आणि त्यांना दत्तक घेणारा शोधीत फिरावें लागतें. एक अनाथ झाला कीं डाव मोडावयास वेळ लागत नाहीं; मग उरलेल्या मित्रांना एकमेकांशीं बोलावयाला निमित्त कोणतें? म्हणून मास्तरांना स्वतःची फसगूत जितकी नको आहे तितकीच मित्राचीही नको आहे. एकास दोन घेतले म्हणजे संघांत एक जागा रिकामी करावी लागते, ही बारीक अडचणही आहे. पण मास्तरांच्या बांकावरचे शेवटचे दोन गडी पाहतां ती अडचण कोणाच्याही डोळ्यांत पाणी आणणारी नाहीं.

सवाअकरा वाजतां मास्तरांनीं कागद उलटला आणि पाठीमागे खेळाडूंऐवजीं आपलेच अकरा सामने लिहून काढले. पांच विजयांपैकीं दोन अशा आठवड्यांतले निघाले कीं समोरच्याचे मुख्य गडी विश्रांतीवर होते. एक अवघ्या दोन गुणांचा. गुणांची बेरीज केली तर बारांत त्यांचा क्रमांक आठवाही नव्हे, दहावा. पुढल्या तीन सामन्यांपैकीं दोन पहिल्या तिघांतल्यांशीं. हें सारें गेले दोन महिने त्यांच्या डोळ्यांपुढेंच होतें. पण 'अजून संधि आहे' या चिठ्ठीखालीं तें झांकून गेलें होतें. मिनेसोटानेंही असेच आंकडे मांडून पाहिले असते तर!

मग त्यांनीं मित्रास लिहिलें: "कबूल, पण त्याच्या पुढल्या वर्षाची तुझी दुसरी निवडही दे." बारांना दहा मिनिटें असतांना उत्तर आलें: "दुसरी नाहीं, तिसरी. आणि तुझा तो पोर खरोखर चांगला आहे, मीं उगीच नाहीं मागितला." मास्तरांनीं 'हो' कळविलें आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं एकच्या सामन्याला मुलगी तोच सदरा घालून मांडीवर येऊन बसली. दुसऱ्या प्रहरांत त्या गड्यानें फळी फोडून चेंडू एकवीस यार्ड नेला आणि सीमेपार ठेवला. सहा गुण आणि वर दोन, मित्राच्या खात्यावर. मुलगी टाळ्या पिटीत उभी राहिली. मास्तरांनीं तिला अजून कांहीं सांगितलें नव्हतें; त्यांनींही टाळ्या वाजविल्या.